घरात दोन बास

१७ नोव्हेंबर, रविवार

दुपारी बन्सीलालनानांनी आमच्या दारात टेम्पो थांबवला आणि एक पेटी उतरवली, आत माणूस झोपेल एवढी. पेटीत नवा बास. पुण्याचा दुकानदार त्याला टुबा म्हणतो, आमच्या बँडमध्ये तसं कुणी म्हणत नाही.

नाना बँडचे मालक, क्लॅरिनेटही तेच वाजवतात. म्हणाले, "यादव, महिनाभर वापरी देख. पटना तर ठेवसूत, आनि जुना दुकानदारले दी टाकसूत. नही पटना तर हाऊ परत."

मी म्हटलं, नाना, जुना बास मी लग्नाआधीपासून वाजवतो. नव्याची गरज काय?

गरज आहे म्हणाले. पंधरा डिसेंबरला धुळ्याला रतिलालशेठच्या मुलीचं लग्न आहे. शेठनी डीजे नको म्हणून मुद्दाम ब्रास बँड सांगितलाय, आणि शेठना सुराचा कान आहे. आपला जुना बास कॅसिओच्या कीबोर्डशी जुळत नाही, हे नानांचं दोन वर्षांपासूनचं तुणतुणं. जाता जाता हळूच बोलले, "तुले नही जमना तर धुळाना मगनले बोलावनं पडी."

मगनकडे असलाच नवा बास आहे. तो वाजवतो कमी आणि त्याबद्दल बोलतो जास्त. माझ्या जागेवर मगन उभा राहिलेला मला बघायचा नाही.

म्हणून ही वही. दोन्ही बासांचं रोज खरं काय ते लिहायचं. जुन्याचं नाव मी कधीच म्हातारी ठेवलंय, म्हणून नव्याचं ठेवलं नवरी. द्रौपदा, म्हणजे आमची मंडळी, दोन्ही पेट्यांमधून वाट काढत म्हणाली, "आते दोन सवती नि मी तिसरी. झोपशात कोठे?"

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज दोघींना समोरासमोर ठेवलं.

साध्या बाज्यात चावी दाबली की दट्ट्या खालीवर होतो. या जातीच्या बासात तसं नाही. आत पितळेची गोल फिरकी असते, ती पाव वळसा फिरते आणि हवा लांबच्या नळीकडे वळते. मला हे कुणी शिकवायला नको. बँड नसतो तेव्हा मी नगरपालिकेचा व्हॉल्वमन असतो, अर्ध्या पारोळ्याचं पाणी मी वळवतो.

म्हातारीला तीन फिरक्या. चावीपासून फिरकीपर्यंत दोरा असतो, तुटला की मी चपलेचा दोरा बांधतो. वाजवताना खडखड होते. नवरीला फिरक्या चार, आणि दोऱ्याऐवजी बारीक गोळीचा सांधा. खडखड नाही. पण मग चावी दाबली गेली की नाही हे माणसाला कळायचं कसं? चौथी चावी खालच्या सुरांसाठी आहे म्हणे. आजवर मला तिच्यावाचून काही अडलं नाही.

म्हातारीच्या फिरक्या झिजल्यात, हवा जरा गळते. त्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकले की काम भागतं. नवरीच्या फिरक्या इतक्या घट्ट आहेत की आत केस जाणार नाही. तिच्यासोबत दुकानदाराने तेलाची बाटली दिलीय, तेल अगदी पाण्यासारखं. असल्या तेलाने काय होणार, मी ती फळीवर टाकून दिली.

वजनाने नवरी हलकी आहे. वजनच नाही तर दम कुठून येणार?

आजचा निकाल: म्हातारी पुढे.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. शाळेत रांग मोठी होती, तिसरा प्रहर तिथेच गेला. घरी येताना शेजारच्या सुनंदाबाईंनी ओट्यावरून आवाज दिला, "दुपारी छान वाजाडी राहिंतात हो, आज कानले गोड लागनं." मी म्हटलं, मी तर रांगेत होतो. त्या म्हणाल्या, मग काल असेल. काल दुपारी मी टाकीवर होतो. वय झालं की वारांचा घोळ होतो, बिचाऱ्यांशी वाद कशाला घालायचा.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकाल लागला. विजयाच्या मिरवणुकीत आम्हीच. गुलाल एवढा उधळला की निवडून कोण आलं ते मला पेठ संपेपर्यंत कळलं नाही. म्हातारी नेली होती. मिरवणुकीत कॅसिओ नव्हता, नुसते आम्ही. काय वाजली म्हातारी! पोरं तिच्या तोंडासमोर येऊन नाचत होती.

घरी येऊन नवरीचं माउथपीस हातात घेतलं तर कोमट लागलं. उन्हात राहिलं असेल. नवं पितळ पटकन तापतं, हाही एक दोषच.

२७ नोव्हेंबर, बुधवार

नानांच्या शेडमध्ये तालीम. कॅसिओवर सुकदेव. आधी म्हातारी वाजवली. नानांनी हात वर करून थांबवलं, बास चढा आहे म्हणाले. म्हातारी जवळजवळ अर्धा सूर चढी आहे हे मी कधी नाकारलं नाही. पूर्वी सगळा बँडच तेवढा चढा होता आणि सगळं गुण्यागोविंदाने चालायचं. मग एकेक नवा बाजा आला, कॅसिओ आला, आणि म्हातारी एकटी पडली. सूर उतरावा म्हणून तिची सुराची नळी मी शेवटपर्यंत बाहेर ओढून तारेने बांधलीय. उरलेलं ओठांनी खाली ओढतो. ही कला आहे, मगनला जमणार नाही.

मग नवरी वाजवली. सुकदेव म्हणाला, "यादवभाऊ, आता बास उतरला." मी म्हटलं, तुझा कॅसिओ चढला असेल. तो म्हणाला, कॅसिओ चढत नसतो. हल्लीच्या पोरांना यंत्रावर फार विश्वास.

नाना नुसतं क्लॅरिनेट पुसत बसले. ते बोलत नाहीत तेव्हा मला भीती वाटते. घरी आल्यावर मी उगाच भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. नव्हतं कमी.

१ डिसेंबर, रविवार

रविवारी म्हातारीची आंघोळ. हे काम लग्न झालं तेव्हापासून द्रौपदाचं. नळ्या काढायच्या, कोमट पाणी सोडायचं, मग माउथपीस लावून फुंकत फुंकत आतलं पाणी काढायचं. फुंकताना भों असा आवाज निघतो. आमची दीपमाला लहान होती तेव्हा त्या आवाजाला हसायची. आता तिचं सासर शिरपूरला, हसायला कुणी नाही, तरी द्रौपदा फुंकते मन लावून.

आज म्हटलं, नवरीलाही बघावं. तिची पाणी सोडायची कळ दाबली तर चांगलं ओंजळभर पाणी पडलं. गुरुवारपासून मी तिला हात लावलेला नाही. द्रौपदाला विचारलं, हे पाणी आलं कुठून? ती नळ्या पुसत होती. "दव पडस ना आते," म्हणाली.

बरोबर आहे. बंद पेटीतही दव पडतं म्हणजे या नव्या पितळात काहीतरी खोट असणार. लिहून ठेवतो.

५ डिसेंबर, गुरुवार

नवरीच्या फिरक्या मला जड वाटल्या म्हणून चारही उघडल्या आणि खोबरेल सोडलं, सढळ हाताने. द्रौपदा म्हणाली, "ती बाटली देयेल शे ना दुकानदारनी?" मी म्हटलं, व्हॉल्व हा माझा विषय आहे. ती भाजी निवडत राहिली.

९ डिसेंबर, सोमवार

जे सांगत होतो ते खरं ठरलं. सकाळी सगळ्या पारोळ्याच्या तोंडातून वाफा निघत होत्या, लोक टायर पेटवून शेकत बसलेले. मी नवरी काढली आणि पहिली चावी दाबली. ती गेली खाली आणि तिथेच राहिली. दुसरी हललीच नाही. चारही फिरक्या जाम.

म्हातारीला उचललं. नेहमीसारखी खडखडत फिरली. हीच ती जुनी बनावट.

तसाच नानांकडे गेलो आणि सांगितलं, नवं मॉडेल थंडीत चालत नाही, नापास. नानांचा चेहरा पडला. "मंग मगन," एवढंच म्हणाले. म्हणजे बास नापास झाला तरी मगन, आणि मी नापास झालो तरी मगन. हे गणित मी आधी मांडायला हवं होतं.

दुपारी ऊन वर आल्यावर नवरी पुन्हा फिरायला लागली. उशिरा उठणारी आहे, अजून काय.

११ डिसेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहिलं पाहिजे.

पाचोऱ्याला एक साखरपुडा होता. जागा मिळाली नाही म्हणून तो पुढे ढकलला, निरोप वाटेतच आला आणि आम्ही अर्ध्या रस्त्यातून माघारी फिरलो. मी गल्लीच्या तोंडाशी उतरलो तर बास ऐकू आला. धुळ्याच्या लग्नासाठी आम्ही बसवतोय ती, नवरदेव मारुतीला जाताना वाजवायची संथ चाल. सूर सरळ. चौथी चावीसुद्धा जिथल्या तिथे. मला वाटलं, नानांनी मगनला माझ्या घरी आणून बसवलाय. रागाने पाय भरभर पडायला लागले.

दार लोटलं. खाटेवर द्रौपदा बसलेली, नवरी मांडीवर, पदर खोचलेला, गाल फुगलेले. मला बघून तिने लगेच थांबवलं नाही. ओळ पुरी केली, मग माउथपीस पदराने पुसलं.

मी विचारलं, "कधीपासून?"

"पानी काढता काढता सूर कवय लागना, माले काय ठावं." मग म्हणाली, "जुनामा माले कधी जमनं नही. तो चढी जास. हाऊ सरळ शे. जठे फुंका तठेच ऱ्हास."

फिरक्या कशा सुटल्या विचारलं. "घासलेटमा धुयात, नि बाटलीमातलं तेल टाकं. खोबरेल थंडीमा गोठस. डोकाले लावाले बाटली उनमा ठेवतस, आनि बाजामा तसंच ओततस तुम्ही."

सुनंदाबाई, कोमट माउथपीस, बंद पेटीतलं दव. मी हे सगळं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. पानं उलटून वाचली आणि वही आपटली.

चिडलो होतो, ते लिहायला मला संकोच नाही. पाठीमागे माझ्या भाकरीत कुणी वाटा मागितल्यासारखं वाटलं. जेवायला तिने वाढलं मात्र नेहमीइतकंच.

१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळभर अबोला धरला. मग तो मलाच झेपेना. मी नवरी घेऊन बसलो आणि तीच चाल वाजवली. द्रौपदा चुलीपाशी होती. मागे न बघता म्हणाली, "तुम्ही सूर खाले ओढतस."

मी म्हटलं, बास असाच वाजवतात.

"जुनाले ओढनं पडे. याले कसाले ओढतस? हाऊ मूळमाच जागावर शे."

म्हातारी चढी, म्हणून इतकी वर्षं प्रत्येक सूर ओठांनी खाली आणायचा. आता ओठ विचारत नाहीत, आपले आपण ओढतात. नवरी बरोबर असते आणि मी तिला उतरवतो. सुकदेवचा कॅसिओ चढलेला नव्हता, उतरलेला मी होतो.

मग ओठ ढिले ठेवून वाजवायला लागलो. द्रौपदा पोळपाटावर बोट आपटून खूण करायची. दोन सूर नीट लागत, तिसऱ्याला ओठ पुन्हा आपल्या वाटेला. दुपारी पाणी सोडून आलो आणि परत बसलो. तीन दिवसांत नाही व्हायचं हे. ती तसं म्हणाली नाही, म्हणाली, "व्हई." तिला खोटं बोलता येत नाही, म्हणून एकच शब्द बोलली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

तालीम. पहिली ओळ सुकदेवबरोबर जुळली. दुसऱ्या ओळीला मी विसरलो आणि उतरलो. नानांनी क्लॅरिनेट खाली ठेवलं. बाकीचे आपापल्या बाज्यांच्या चाव्या पुसू लागले, माझ्याकडे बघायला नको म्हणून.

नाना म्हणाले, "मगनसंगे बोलनं जायं मन्हं. तो म्हनस, येस, पन बठ्ठा हंगाम मीच वाजाडसू." फोन त्यांच्या हातात होता.

सगळा हंगाम गेला म्हणजे जागा गेली. एकदा मगन त्या जागेवर उभा राहिला की तिथून हलायचा नाही, आणि या वयात दुसऱ्या बँडवाल्याच्या दारात मी उभा राहणार नाही. नाना माझ्या उत्तरासाठी थांबले होते. दुसरं एक उत्तर माझ्याजवळ होतं. ते दिलं तरी जागा जाणारच होती.

"नाना, मगनला फोन करू नका," मी म्हटलं. "कॅसिओ घ्या आणि घरी चला."

हा काही माझा मोठेपणा नाही. मगनचं तोंड डोळ्यासमोर आलं म्हणून बोललो. आणि बुधवारी गल्लीच्या तोंडाशी ऐकलेलं कानातून जात नव्हतं, तेही एक कारण असेल.

द्रौपदा भाकरी थापत होती. मी सांगितलं, नानांना ती चाल ऐकव. तिने हात धुतले. सुकदेवने कॅसिओ खाटेवर ठेवला. ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाजवत गेली, तव्यावरची भाकरी तेवढी करपली.

नाना म्हणाले, "द्रौपदाबाई, परवा येशात का धुळाले?"

"लोके देखतीन," ती म्हणाली.

"मंग बँड कसाले लावतस? देखालेच ना."

ती म्हणाली, "येसू. पन टोपी घालाव नही."

नाना माझ्याकडे वळले. तुझं काय, असं त्यांना विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. मीच म्हटलं, झांजवाल्याच्या घरी लग्न आहे ना त्या दिवशी, झांज मला द्या.

१४ डिसेंबर, शनिवार

नानांना निकाल दिला. नवा बास चांगला. फिरक्या घट्ट, सांधे बिनआवाजाचे, वजन बेताचं, सूर जागेवर, तेल त्याचं त्यालाच. जुना बास चढा आणि गळका. हे सगळं मला पहिल्या दिवशीही दिसत होतं. तेव्हा लिहिलं उलटं.

म्हातारी सोमवारी पुण्याला जाणार. द्रौपदाने धुतली, मी पुसली. सुराच्या नळीची तार सोडली तर नळी आत जाईना, इतकी वर्षं बाहेर राहून तिथेच बसलीय. तशीच पेटीत ठेवली. मला रडू आलं. द्रौपदा पाहत होती, मी लपवलं नाही.

माझा बँडचा कोट तिला खांद्यात सैल होतो. बटणं सरकवून दिली.

१५ डिसेंबर, रविवार

धुळ्याला पोचलो तेव्हा हात गारठून सुन्न झाले होते. नवरीच्या फिरक्या मात्र पहिल्याच दाबाला फिरल्या. साडीवर लाल कोट घातलेली बाई बास घेऊन शेवटच्या रांगेत उभी राहिली तेव्हा वऱ्हाडात कुजबुज झाली. दोन-तीन मोबाइल वर झाले. वऱ्हाडातली एक आजी पुढे आली, द्रौपदाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "जड शे का वं?" द्रौपदा म्हणाली, "हंडाइतकं नही." आजी तिच्या बाजूनेच चालायला लागली.

चौकात मगन दिसला, स्कूटर बाजूला लावून उभा. मी त्याला हात केला. त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं, तिथे बास नव्हता, मग मागे पाहिलं. त्याचं तोंड मी जन्मभर विसरणार नाही. पण खरं सांगतो, वाटली होती तेवढी मजा आली नाही, कारण तेवढ्यात चाल सुरू झाली.

बास वाजवणाऱ्याला बास ऐकू येत नाही, हे मला आज कळलं. त्याच्या छातीत थरथर होते, कानात आपलाच श्वास, आणि बाकीचा बँड कुठेतरी लांब. इतकी लग्नं वाजवली, पण या बँडचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. झांज पुढच्या रांगेत असते. माझ्या पाठीमागून बास आला, सगळ्यांच्या खालून, सावकाश, न चुकता. त्याच्यावर नानांचं क्लॅरिनेट, सुकदेव, ढोल, सगळे निवांत चालले होते. रतिलालशेठ नवरदेवाला सोडून मागे आले आणि सबंध गल्लीभर शेवटच्या रांगेबरोबर चालले. द्रौपदाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. घरात बसून तिने आजवर जे ऐकलं, ते मी वाजवत होतो. आज मी ऐकत होतो.

मारुतीच्या पाराशी नवरदेव घोड्यावरून उतरतो, तिथे झांजेचा एक मोठा ठोका आहे. तो पडलाच नाही. नानांनी क्लॅरिनेट तोंडातून न काढता मागे वळून माझ्याकडे डोळे वटारले. आजवर माझा ठोका कधी चुकला नव्हता. मी दोन्ही झांजा छातीशी धरून उभा होतो, तिच्याकडे तोंड करून.